नाचणाच्या घरट्यावरचं ऊन

सरांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझा फोटो काढायला नकार दिला म्हणून.

नौपाड्यात, एका दाताच्या दवाखान्याच्या आणि पोळी-भाजी केंद्राच्या मधोमध त्यांचा स्टुडिओ होता. मी कल्याणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लॅबच्या ओळखपत्रासाठी दोन फोटो हवे होते, आणि त्या दिवशी कामासाठी ठाण्याला आलेले, म्हणून आत शिरले. आत एक उंच, काटकुळे गृहस्थ स्टुलावर बसून पेरू खात होते. त्यांनी मला पडद्यासमोर बसवलं, दिवा लावला, कॅमेऱ्यातून पाहिलं आणि दिवा बंद केला.

"आज नको. परवा या."

"का? लाईटचा प्रॉब्लेम आहे का?"

"लाईट उत्तम आहे. तुम्ही रडून आला आहात. हे कार्ड काही वर्षं तुमच्या गळ्यात राहणार. रोज स्वतःला असं बघायचंय का?"

मी हबकलेच. रडलेले खरी, पण ते सकाळी, डोंबिवलीत, घरच्या बाथरूमचा नळ सोडून. साखरपुडा मोडल्याचा फोन आला होता. तोंड धुऊन, पावडर लावून बाहेर पडलेले. माझ्या आईला कळलं नव्हतं, आणि हा कोण कुठला माणूस पेरूचा हात रुमालाला पुसत मला सांगत होता. राग आला, लाज वाटली. तरीही परवा मी गेले. आजही माझ्या चेहऱ्याचा बरा म्हणावा असा फोटो तेवढा एकच आहे.

सर कधी कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. पण दरवर्षी पाडवा झाला की आठ-दहा जणांना घेऊन ते मुरबाडच्या पलीकडे, माळशेजच्या डोंगराखाली एका पाड्यावर जायचे आणि तीन दिवस निसर्गाचे फोटो काढायला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत. सर गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांची आठवण निघाली की काही जण हसतात, काही जण विषय बदलतात. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

समोर दहा वर्षांचं पोर असलं तरी ते "अहो, हनुवटी जरा वर घ्या" असंच बोलायचे. अरे-तुरे फक्त पक्ष्यांना आणि कॅमेऱ्याला. कोणी 'शूट' हा शब्द काढला की म्हणायचे, "शूट करायचं असेल तर पोलिसात भरती व्हा. इथे फोटो काढतात." त्यांच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत कॅमेऱ्याखेरीज सगळं सापडायचं. लिमलेटच्या गोळ्या, काळी छत्री, सुतळी सोडून सर्व प्रकारच्या दोऱ्या. "सुतळी का नाही?" असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "टोचते." कोणाला, ते सांगितलं नाही.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दुपारी स्टुडिओत डबा घेऊन यायच्या. सरांबद्दलच्या बहुतेक गोष्टी मला त्यांनी सांगितल्या, तेही सरांसमोर, जणू ते तिथे नाहीतच.

"ह्यांनी डोंबिवलीतलं एक लग्न अर्धं सोडलं, ठाऊक आहे का तुला? पाठवणीच्या वेळी नवरीची आई लेकीच्या गळ्यात पडून रडली. व्हिडिओवाल्याचा दिवा नेमका तेव्हाच गेला. तो म्हणतो कसा, काकी, परत एकदा रडा, इकडे तोंड करून. आणि ती बाई बिचारी उभी राहिली की परत! ह्यांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि चालू पडले. गृहप्रवेशाचा एक फोटो नाही. सासरकडची माणसं घरी आली भांडायला."

"मग?"

"मग काय! आई एकदाच रडली, तो फोटो माझ्याकडे आहे, म्हणाले. आणि दार लावून घेतलं. चहासुद्धा विचारू दिला नाही मला."

मुलगी झाली तेव्हा सर येऊरच्या रानात तांबट पक्ष्याच्या ढोलीखाली बसले होते. बाळाला बघायला तिसऱ्या दिवशी आले. काकू म्हणाल्या, "वाटलं, आता पाळण्यात वाकून काहीतरी बोलतील. तर खिडकीकडे बघून म्हणाले, इथे सकाळचा उजेड कुठून येतो?"

सर डब्यातली भाजी खात होते. मान वर न करता म्हणाले, "पूर्वेकडून येत होता. फार छान होता. अजून आठवतो."

साखरपुड्याचा विषय घरात महिनाभर चघळला गेल्यावर मला कुठेतरी निघून जायचं होतं, आणि भावाने वाढदिवसाला दिलेला कॅमेरा कपाटात पडून होता. म्हणून त्या चैत्रात मी सरांबरोबर गेले. कल्याणच्या एसटी स्टँडवर पहाटे नऊ जण जमलो. त्यातले एक शिर्के, कल्याणचे बिल्डिंग काँट्रॅक्टर, मोठ्या आवाजाचे आणि मनाने मोकळे. त्यांच्याकडे हातभर लांबीची लेन्स होती. सर तिला तोफ म्हणत. पाड्यावर उतरल्या उतरल्या शिर्क्यांनी ती बाहेर काढली तेव्हा सर म्हणाले, "तोफ खाली ठेवा शिर्के, गाव केव्हाच शरण आलंय."

आमची सोय हिराबाईंच्या घरी होती. चुलीवरच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, अंगणात शेणाने सारवलेली जागा. मागे सह्याद्रीचा कडा सरळ उभा. मला वाटलेलं, उन्हाळा लागलाय, सगळं करपलेलं असेल. पण पांगारा लालभडक फुललेला, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या, आणि कुसुंबाची कोवळी पालवी अशी तांबडी की लांबून झाड पेटल्यासारखं वाटावं. मी कॅमेरा गळ्यात अडकवून धावणारच होते, तेवढ्यात सरांनी सगळ्यांना अंगणात अर्धगोलात उभं केलं.

"शिर्के, तुम्ही पुढे या. इथे उभे राहा. बाकीच्यांनी कॅमेरे घ्या आणि ह्यांच्यापासून एका हातावर या. अजून जवळ. आता दहा मिनिटं ह्यांचे फोटो काढा. बोलायचं नाही."

आम्ही हसत सुरुवात केली. शिर्केही पोज देत होते. दुसऱ्या मिनिटाला त्यांचं हसू गेलं. चौथ्या मिनिटाला ते कपाळ पुसू लागले. आठ काचेचे डोळे नाकासमोर, सगळीकडून कटकट आवाज, आणि कोणी एक शब्द बोलत नाही. ते एक पाऊल मागे सरकले की आम्ही एक पाऊल पुढे. सातव्या मिनिटाला ते ओरडले, "बस झालं! काय फालतूपणा आहे!" आणि घरात निघून गेले. दोन मुलांचा बाप, साइटवर शंभर माणसं हाकणारा तो माणूस. 

सर शांतपणे म्हणाले, "त्यांना घर होतं, ते आत गेले. घरट्यातल्या पिल्लाला तीही सोय नाही. घरटं दिसलं तर मागे फिरायचं. कोणाला सांगायचं नाही. मलासुद्धा."

"तुम्हाला का नाही, सर?" मी विचारलं.

"मला सांगितलंत तर मी जाईन."

मी हसले. मला तो विनोद वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरड्या ओहोळाच्या काठाने फिरताना मला ते घरटं दिसलं. करंजाच्या खालच्या आडव्या फांदीवर, माझ्या खांद्याइतक्या उंचीवर. पुरणाच्या वाटीहून लहान, आणि बाहेरून कोळ्याच्या जाळ्यांनी असं लिंपलेलं की हाताने घडवलंय असं वाटावं. नाचणाचं. शेपटीचा पंखा उघडत-मिटत हा पक्षी सारखा नाचत असतो, म्हणून नाचण. आत तीन पिल्लं होती. डोळे नुकते उघडलेली, पाठीवर पिसांचे काळे कोंब.

मी मागे फिरले. इथपर्यंत नीट वागले. पण दुपारी बारा वाजता शिर्के अंगणात कालचा राग अजून चघळत बसलेले, आणि मी त्यांच्या शेजारी बसून सांगून टाकलं. का सांगितलं? कोणीतरी 'वा!' म्हणावं म्हणून. त्या महिन्यात मला कोणी कशासाठीच 'वा' म्हटलं नव्हतं.

आम्ही दोघं गेलो. जेवणाला अजून वेळ होता. आईबाप नाचण लांब वडावर कीटक पकडत होते. कॅमेऱ्यातून पाहिलं तर घरट्यावर एक पालेदार डहाळी आडवी आलेली. पिल्लं दिसत होती, पण अर्धी, आणि सावलीत काळीकुट्ट.

"मोडा ती डहाळी," शिर्के म्हणाले. "झाडच आहे, परत पालवी येईल."

शिर्के म्हणाले म्हणून मी मोडली, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगायचे. हात माझा होता. कट्कन आवाज झाला. डहाळी मी ओहोळात फेकली. घरट्यात ऊन पडलं आणि पिल्लांच्या चोचींच्या आतला भाग शेंदरासारखा पेटला. आई आली असं समजून तिन्हींनी माना वर केल्या, चोची उघडल्या. मी किती फोटो काढले, मोजले नाहीत. असा फोटो माझ्याकडून निघतोय ह्यावर माझा विश्वास बसत नव्हता.

जेवणं झाली की सर प्रत्येकाचा कॅमेरा हातात घेऊन सकाळचे फोटो बघायचे. माझी पाळी आली. सरांना घरट्याचे फोटो दाखवायचे नाहीत हे कळत होतं, पण मी कॅमेरा पुढे केला. खरं सांगायचं तर मला ते दाखवायचेच होते. रागावतील, पण मनातून म्हणतील की फोटो आहे बुवा.

त्यांनी तो फोटो पाहिला. कॅमेरा डोळ्यांजवळ नेला.

"किती वाजता काढला?"

"साडेबाराला, सर."

"कुठलं झाड?"

"करंज."

"ह्या पिल्लाच्या पाठीवर ऊन आहे." त्यांचा आवाज अगदी हळू झाला. "नाचण दुपारच्या उन्हात घरटं बांधत नाही. हे ऊन आलं कुठून?"

 पायाखालची सारवलेली जमीन तेवढी दिसत होती. आयुष्यभर लोकांच्या चेहऱ्यावर उजेड मोजलेला तो माणूस, त्याच्यापुढे खोटं बोलायला जागा नव्हती.

"बाई, ऊन कुठून आलं?" ते ओरडले. सरांना ओरडताना कोणीच ऐकलं नव्हतं. हिराबाई भांडी टाकून बाहेर आल्या. "दाखवा मला! आत्ता!"

आणि सर पळाले. अडुसष्ट वर्षांचे, आम्हाला तीस पावलांवर थांबायला लावणारे सर, पायात एकच चप्पल, दुसरी अंगणातच राहिलेली, शेतातल्या ढेकळांवरून पळत होते. मी मागून. शिर्के मागून. हिराबाईही.

घरट्यात दोन पिल्लं चोची उघडून धापा टाकत होती. आता ती भूक नव्हती. तिसऱ्याची मान घरट्याच्या काठावरून खाली लोंबत होती. मी लॅबमध्ये काम करते, मरण मला कागदावर आणि काचपट्टीवर रोज दिसतं. इथे मधे कागद नव्हता, काचही नव्हती.

"फांदी कुठाय?"

मी ओहोळात उतरले, शोधली, आणून दिली. पानं अजून हिरवी होती. सरांची बॅग, ती सगळ्या दोऱ्यांची बॅग, अंगणात राहिली होती. परत जायला वेळ नव्हता. त्यांनी शर्टाची दोन बटणं काढली, आत हात घातला, आणि गळ्यातलं जानवं डोक्यावरून काढून फांदीला गुंडाळायला सुरुवात केली.

हिराबाईंनी तोंडावर हात ठेवला. "दादा, अहो, काय करता हे!"

"सुती आहे. सुटणार नाही," सर म्हणाले. बोटं भराभर चालत होती. मोडलेली डहाळी होती तिथे, होती त्याच कोनात बसवून त्यांनी गाठ मारली. एकदा वाकून घरट्याकडे पाहिलं. सावली पडली होती. मेलेल्या पिल्लाला त्यांनी हात लावला नाही. "चला. सगळे मागे. तीस पावलं."

आम्ही करवंदीच्या जाळीआड बसलो. सर दुर्बिणीतून बघत होते. मी बघू शकत नव्हते. मी त्यांचा चपलेविना पाय बघत होते, त्यातून रक्त येत होतं. किती वेळ गेला ते माहीत नाही. शिर्के एवढा मोठा माणूस, गुडघ्यात डोकं घालून बसलेला. मग सर म्हणाले, "आली."

"सर, मी..."

"गप्प बसा. ती घास देते आहे."

हिराबाई माझ्याजवळ सरकल्या आणि कानात म्हणाल्या, "बाय, कशाला गं असं केलंस?" त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

रविवारी सगळे परतले. सर थांबले. तोडलेली फांदी सुकणार, पानं गळणार, म्हणून पिल्लं उडेपर्यंत रोज पहाटे तिथे ताजी फांदी बांधावी लागणार होती. मी म्हटलं, "मीही थांबते."

"तुम्ही थांबून काय करणार? लोकांचं रक्त तपासायला जा."

तो आठवडा मी कसा काढला! सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की नेमकं ऊन दिसायचं. बुधवारी काकूंना फोन केला. म्हटलं, त्या चिडल्या असतील.

"येतील," काकू म्हणाल्या. "पिल्लं उडाली की येतील. जानवं काढून बांधलं म्हणे? शिर्के सांगत होते. पंचेचाळीस वर्षांत माझ्यासाठी कधी छत्री उघडली नाही ह्या माणसाने."

शनिवारी मी एकटीच एसटीने गेले. सरांची दाढी वाढलेली, पायाला हिराबाईंनी हळद लावून फडकं बांधलेलं. मला पाहून त्यांना नवल वाटलं असेल तरी दिसलं नाही. "उद्या पहाटे फांदी तुम्ही बदला," एवढंच म्हणाले.

रविवारी उजाडता उजाडता मी करंजाखाली उभी होते. दोन्ही नाचण लांब गेल्याची खूण सरांनी छत्री वर करून दिली. मी जुन्या डहाळीची गाठ सोडली. तेच जानवं, आता मळकं झालेलं. हिराबाईंनी रात्रीच पाण्यात ठेवलेली नवी डहाळी लावली, बांधली. दोन पिल्लं माझ्याकडे बघत होती, पूर्ण पिसं फुटलेली, भुवईवर पांढरी रेघ. त्यांनी चोची उघडल्या नाहीत. ती मला घाबरली होती. मी परत आले तेव्हा पाठ घामाने भिजलेली होती.

दुपारपर्यंत एक उडालं. दुसरं संध्याकाळी. उडालं म्हणजे फांदीवरून खालच्या करवंदीत धप्पकन पडलं, आणि मग आईच्या मागे फडफडत गेलं. माझ्याकडे कॅमेरा नव्हता. सरांकडे होता, तो त्यांनी बॅगेतून काढला नाही.

परतीच्या एसटीत मी म्हणाले, "सर, ते सगळे फोटो मी डिलीट करणार आहे."

ते ताडकन वळले. "अजिबात नाही. त्यातला सगळ्यात चांगला निवडा आणि मला द्या."

"कशाला?"

"द्या म्हणतोय ना."

मी दिला.

मे महिन्यात, शाळांना सुट्टी लागली की शिबिरातल्या फोटोंचं प्रदर्शन नौपाड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचं. माझा एखादा पांगारा, एखादा कडा लावतील असं मला वाटलं होतं. आई मोठ्या हौसेने इस्त्रीची साडी नेसून डोंबिवलीहून आली. साखरपुड्यानंतर ती पहिल्यांदाच माझ्याबरोबर कुठे बाहेर पडत होती. लॅबमधल्या दोघी आल्या.

हॉलमध्ये शिरताच समोरच्या भिंतीवर, बरोबर मधोमध, मोठ्या फ्रेममध्ये तो फोटो होता. तीन उघड्या चोची, पेटलेल्या. लॅबमधली एक ओरडलीच, "अगं, हा तू काढलायस?" आई पदर सावरत पुढे गेली. प्रत्येक फोटोखाली सरांच्या अक्षरात पांढरं कार्ड असायचं. आईने चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं.

"नाचणाची पिल्लं. ह्या फोटोसाठी करंजाची फांदी मोडली. एक पिल्लू उन्हाने मेलं. फोटो चांगला आहे."

त्याखाली माझं नाव. पूर्ण, आडनावासकट.

 आजूबाजूला पंधरा-वीस माणसं. शिर्के कोपऱ्यात खाली मान घालून. चार लोकांसमोर कोणी थोबाडीत मारावी आणि वर आपलं नावही मोठ्याने पुकारावं, तसं वाटलं. मी सरांना शोधायला वळले, आणि तेव्हा शेजारचा फोटो दिसला.

तो जुना होता, रंग थोडा उडालेला. स्वर्गीय नर्तकाची मादी, घरट्यावर वाकलेली, खाली तीन पिल्लं, आणि सगळ्यांवर असं सोनेरी ऊन की बघत राहावं. माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगला. एक म्हातारे गृहस्थ म्हणत होते, "अहो, हा कॅलेंडरवरचा! आमच्याकडे कित्येक वर्षं होता." त्याखालीही कार्ड होतं.

"स्वर्गीय नर्तक, मादी आणि पिल्लं. ह्या फोटोसाठी दोन फांद्या कापल्या. दुसऱ्या दिवशी तिन्ही पिल्लं मेलेली होती. फोटो फार चांगला आहे. पहिलं बक्षीस." आणि सरांचं नाव.

त्या फोटोसमोर काकू उभ्या होत्या. सरांच्या घरी मी कधी गेले नव्हते, म्हणून मला माहीत नव्हतं. तो फोटो त्यांच्या बाहेरच्या खोलीत, सोफ्याच्या वर लावलेला होता. सरांनी सकाळी तो काढून आणला तेव्हा काकूंनाच फडक्यात गुंडाळून द्यायला सांगितला होता. कार्ड त्या आत्ता वाचत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या. सर दोन पावलांवर होते. "चौतीस वर्षं मी रोज ह्याच्यावरची धूळ पुसली."

 काकू तिथेच एका खुर्चीवर बसल्या. 

एक गृहस्थ पुढे आले. दोन वर्षं शिबिराला येणारे, बँकेतून निवृत्त. "म्हणजे तुम्ही आम्हाला वीस पावलं, तीस पावलं शिकवत होतात, आणि स्वतः? वर बक्षीसही घेतलंत?"

"घेतलं," सर म्हणाले.

"लाज वाटत नाही?"

"वाटते. म्हणून इतकी वर्षं लागली."

ते गृहस्थ निघून गेले. त्यांच्याबरोबर आणखी दोघं-तिघं. पुढच्या वर्षी शिबिराला नऊऐवजी चारच माणसं होती, आणि पुढे कधी चाराची पाच झाली नाहीत.

मी सरांसमोर जाऊन उभी राहिले. रडायचं नाही असं ठरवलेलं, आवाजाने ऐकलं नाही. "मला विचारायचं तरी, सर. माझी आई आलीय."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हो! अर्थात नाही म्हणाले असते!"

"तुमची चूक महिन्याभराची आहे. माझ्याइतकी जुनी होऊ देऊ नये असं वाटलं." मग ते थांबले.  "पण माझं चुकलं असेल. ह्यातही चुकलं असेल. फोटो तुमचा आहे. काढून घ्यायचा तर घ्या. माझा राहील."

मी फ्रेम खिळ्यावरून उतरवली, काखेत मारली आणि आईचा दंड धरून जिन्याकडे निघाले. कोणी अडवलं नाही. अर्धा जिना उतरल्यावर आई थांबली. 

"अगं, कार्ड तिथेच राहिलं," ती म्हणाली. "तुझं नाव आहे त्याच्यावर."

मी परत वर गेले. मोकळ्या खिळ्याखाली ते पांढरं कार्ड तसंच होतं, आणि एक अनोळखी आजी, काठी टेकत, नाक भिंतीला लागेल इतक्या जवळून ते वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी वर मोकळ्या भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फोटो कुठाय, बाळ?"

खोटं सांगता आलं असतं. सर लांब काकूंच्या खुर्चीशेजारी उभे होते, इकडे बघतही नव्हते. मी काखेतली फ्रेम काढली आणि त्यांच्याकडे वळवून धरली. आजींनी चष्मा वर-खाली केला.

"मला नीट दिसत नाही. तीन आहेत ना? ह्यातलं कुठलं गेलं?"

सरांनी हे मला विचारलं नव्हतं. कोणीच नव्हतं विचारलं. पण मला माहीत होतं. फोटो काढताना मी सगळा वेळ त्याच्यावरच फोकस केला होता, कारण मान सगळ्यांत उंच त्याची होती आणि चोच सगळ्यांत मोठी उघडलेली.

मी काचेवर बोट ठेवलं.

"हे," मी म्हणाले. "मधलं."